नवं स्टेडियम झालं की जुन्या प्रेक्षकाचं तिकीट कुठे जातं?

नॉर्थस्टँडकर

ठाणे जिल्ह्यात, अमणे परिसरात एक लाख प्रेक्षकांच्या क्रिकेट स्टेडियमची चर्चा २०२४ पासून चालू आहे. आकडा ऐकला की सगळे खूश होतात. वानखेडेत ३३ हजार, तिथे एक लाख, म्हणजे तिप्पट तिकिटं, म्हणजे दर खाली. मला हा हिशेब पटत नाही. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली तेव्हा ४५ हजारांच्या आसपासची क्षमता ३३ हजारांवर आली. बाकांऐवजी बकेट सीट, म्हणजे पाठ असलेल्या सुट्या खुर्च्या आल्या, डोक्यावर पांढरं छप्पर आलं, सगळं छान झालं. पण बारा हजार माणसं बाहेर राहिली आणि ती बॉक्समधली, म्हणजे कंपन्यांसाठीच्या महागड्या खासगी खोल्यांमधली, नव्हती.

तर प्रश्न असा: नवं स्टेडियम उभं राहतं तेव्हा तिकिटाचा दर नक्की कशाने ठरतो? आणि रणजीपासून कसोटीपर्यंत नेमाने येणारा माणूस त्यात टिकायचा असेल तर वीट रचण्याआधी काय मागून घ्यायला हवं? "परवडत नसेल तर टीव्हीवर बघा" हे उत्तर कृपया नको.

काँक्रीट_आणि_कॅच

दर ठरतो नकाशावर. बुकिंग उघडण्याच्या कितीतरी आधी.

बारा हजार कुठे गेले ते कागदावर मांडून बघा. १८ मीटर लांबीची एक रांग घ्या. जुन्या बाकावर माणशी ४० सेंटीमीटर धरले तर ४५ जण बसतात. बकेट सीटला ५० सेंटीमीटर लागतात, म्हणजे ३६. आता रांगेची खोली. पूर्वी ६५ सेंटीमीटरमध्ये भागायचं, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागायचे. आता ८० धरतात, म्हणजे बसलेल्याला न उठवता पलीकडे जाता येतं आणि पळापळ झाली तर वाट मोकळी राहते. २० मीटर खोलीच्या स्टँडमध्ये ३० रांगांच्या २५ होतात. ४५ गुणिले ३० म्हणजे १३५०, ३६ गुणिले २५ म्हणजे ९००. त्याच जागेत तिसरा हिस्सा कमी. सुरक्षेसाठी हे हवंच, त्याला माझा विरोध नाही.

विरोध पुढच्या गोष्टीला आहे. दोन मजल्यांच्या मध्ये बॉक्सची माळ घालतात ना, ती जागा खाते. चार मीटर रुंद, सहा मीटर खोल खोली आणि पुढे खुर्च्यांची दोन रांगांची गॅलरी. आत सोळा जण. तेवढ्याच जागेत साध्या खुर्च्या जिने वगळूनही साठ-एक बसतात. शिवाय त्या माळेमुळे वरचा मजला तीन-चार मीटर उचलला जातो आणि मागे सरकतो. स्वस्त तिकीट नेमकं तिथलं असतं. म्हणजे बॉक्सवाला जवळ आला की वरचा लांब गेला.

माहीमचा_ऑफस्पिन

लांब म्हणजे किती? ३३ हजार आणि एक लाख यात वरच्या रांगेला काय फरक पडतो?

काँक्रीट_आणि_कॅच

@माहीमचा_ऑफस्पिन, खेळपट्टीपासून सीमारेषा ७० मीटर धरा. पुढे जाहिरातींच्या फळ्या, जाळी, मोकळी पट्टी मिळून पाच-सात मीटर. एक लाखासाठी तीन थर लागतात, ती खोली ५० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे शेवटची रांग सव्वाशे मीटरच्या पलीकडे. चेंडूचा व्यास सात सेंटीमीटरच्या जरा वर. तिथून तो ठिपका दिसतो. फिरकी वळली की नाही हे फलंदाजाच्या पायांवरून ओळखायचं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा तुमची नजर किती उंचीवरून निघते, त्याला आमच्याकडे सी-व्हॅल्यू म्हणतात. ९ सेंटीमीटर चांगली, ६ म्हणजे चालवून घ्यायची. ती राखायची तर वरचे थर अधिकाधिक उभे करावे लागतात, पण चढ साधारण ३४-३५ अंशांच्या पुढे नेत नाहीत, माणूस चढताना घाबरतो. म्हणून तिसऱ्या थरात बऱ्याचदा सी-व्हॅल्यूत काटकसर होते. पुढचा जरा पुढे झुकला की मागच्याला सीमारेषा दिसत नाही.

ताळेबंद

आता पैशाचं बघू. खालचे आकडे समजून घेण्यापुरते आहेत, अमण्याचे नाहीत.

समजा १००० कोटींचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचा हप्ता ११० कोटींच्या घरात जातो. वर्षात दहा मोठे सामने आणि प्रत्येकाला ८० हजार तिकिटं विकली गेली तर ८ लाख तिकिटं. प्रत्येक तिकिटावर फक्त हप्त्याचे १३७५ रुपये. वीज, हिरवळ, सुरक्षा, सफाई अजून धरलेली नाही. कंपन्यांचे बॉक्स आणि क्लब सीट, म्हणजे जादा सोयींच्या महाग खुर्च्या, यांनी यातला मोठा वाटा उचलला तर वरच्या थराचं तिकीट खाली ठेवता येतं. म्हणून बॉक्सला सरसकट शिव्या घालू नका. ते बॉक्स कोणाचं तिकीट स्वस्त करतात, हे करारात लिहिलंय का ते विचारा. तसं लिहिलं नसेल तर ते पैसे तिजोरीत जातात आणि वरचा थरही महाग होतो.

मैफलींनीही फरक पडतो. वर्षात दहा मैफली झाल्या आणि प्रत्येकीचं भाडं तीन कोटी आलं, तर ३० कोटी वजा होऊन तिकिटामागचा बोजा हजारावर येतो. मात्र प्रत्येक मैफलीनंतर हिरवळ सावरायला दिवस लागतात आणि पहिली गदा येते ती स्थानिक सामन्यांवर.

गोरेगावची_मीनल

मला हे फार एकतर्फी वाटतंय. पुरवठा वाढला की दर उतरतो, हे भाजीबाजारात खरं आणि इथेही खरं. अहमदाबादला १ लाख ३२ हजारांची क्षमता आहे. भारत नसलेल्या सामन्याला तिथे कुणालाही तिकीट मिळतं. वानखेडेत ब्लॅकवाले फोफावतात कारण माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त. एक लाख जागा झाल्या तर ब्लॅकचा धंदा बसेल, हा फायदा कुणी मोजतच नाहीये.

ताळेबंद

मीनलताई, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. भारत-पाकिस्तान किंवा अंतिम सामन्याला एक लाखही कमीच पडतात, तिथे दर उतरत नाही. उतरतो तो इतर दिवशी, पण त्या दिवशी वेगळीच अडचण होते. २०२३ च्या विश्वचषकाचा पहिला सामना, ५ ऑक्टोबर, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड, अहमदाबाद. सुरुवातीला स्टँड ओस पडले होते, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. हजारो माणसं आली तरी एवढ्या मोठ्या भांड्यात ती दिसत नाहीत. रिकामं दिसणारं मैदान चालवायचा खर्च मात्र भरलेल्याइतकाच.

मैदान_मुकादम

क्षमता कितीही करा, खिडकीवर किती तिकिटं येतात हा खरा आकडा. २ एप्रिल २०११ चा अंतिम सामना आठवा. ३३ हजारांच्या वानखेडेत सर्वसामान्यांच्या विक्रीला चार हजारांच्या आसपास तिकिटं होती. बाकीची आयसीसी, प्रायोजक, सदस्य, सरकारी खाती आणि संलग्न क्लब यांच्यात वाटली गेली.

क्लबांच्या कोट्यावर सगळे तुटून पडतात म्हणून लिहितो. मुंबई क्रिकेट संघटनेशी तीनशेहून जास्त क्लब संलग्न आहेत. ऐन पावसाळ्यात चिखलात कांगा लीगचे संघ उतरवायचे, नेट लावायचं, चटया-चेंडू पुरवायचे, माळ्याला पगार द्यायचा, हे सगळं तेच करतात. १९४८ पासून ही लीग त्यांच्या जिवावर चालली आहे. त्यांच्या मुलांना आणि माळ्यांना तिकीट मिळणं हा हक्क आहे. बिघडतं कुठे? पाकीट क्लबच्या चिटणिसाच्या हातात जातं आणि पुढे कुणाला गेलं याची नोंदच राहत नाही. नोंद ठेवा, तिकिटावर नाव छापा, कोटा खुशाल राहू द्या.

नॉर्थस्टँडकर

@मैदान_मुकादम, हे पटलं. माझ्या डोक्यात क्लब आणि बॉक्स एकाच पारड्यात पडले होते, ती चूक झाली.

जुनी_मुंबई

मुळात वानखेडे उभं राहिलं तेच तिकिटांच्या भांडणातून! ब्रेबॉर्न १९३७ चं, मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. कसोटी तिथे व्हायची, पण तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला आपल्या क्लबांसाठी किती तिकिटं मिळणार यावर वाद चिघळला. शेवटी शे. कृ. वानखेडे यांनी दुसरं स्टेडियमच बांधायचं ठरवलं. शशी प्रभू वास्तुविशारद, काम तेरा महिन्यांच्या आसपास उरकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ वाली. दोन स्टेडियममधलं अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचं.

तेव्हाची मागणी होती, 'आमच्या माणसांना जागा द्या'. नवीन स्टेडियमच्या चर्चेत ही मागणी कोणीच मोठ्याने करत नाही, याचं वाईट वाटतं.

कल्याण_स्लो

१० वर्षांत फुटबॉलवाल्यांनी जे केलं त्यातून शिकण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल. मुख्य स्टँड वाढवत होते आणि पुढच्या मोसमासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड जाहीर झालं. संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर चालू लागले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी वाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.

हे जमलं कारण तिथे प्रेक्षकांच्या नोंदणीकृत संघटना आहेत आणि पूर्ण मोसमाचं सीझन तिकीट एकाच खुर्चीचं, एकाच नावाचं असतं. शेजारी कोण बसतो ते माहीत असतं, म्हणून एकत्र उठता येतं. आपल्याकडे प्रत्येक सामन्याला वेगळ्या तिकिटाची वेगळी लॉटरी. उठायचं तर कोणाबरोबर?

पेनल्टी_कॉर्नर

अनुमोदन. त्यात भर. आर्सेनल २००६ मध्ये ३८ हजारांच्या हायबरीतून ६० हजारांच्या स्टेडियममध्ये गेलं. जागा बावीस हजारांनी वाढल्या, मीनलताईंच्या नियमाने दर पडायला हवे होते. तरी त्यांची तिकिटं इंग्लंडमधल्या सर्वांत महागांत गणली गेली. सुमारे सात हजार क्लब सीट आणि दीडशे बॉक्स मधल्या थरात बसवले. उलट वेस्ट हॅम २०१६ मध्ये ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये गेलं आणि सर्वांत स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडांवर आणलं. दर उतरला, पण धावपट्टीसाठी आखलेल्या त्या मैदानात प्रेक्षक गोलपासून फार लांब पडले आणि नाराजी मार्च २०१८ मध्ये थेट मैदानात उतरली. स्वस्त आहे म्हणून माणूस खूश असतोच असं नाही.

म्युनिकमध्ये बायर्नने दक्षिणेच्या बाजूला उभं राहून बघायची जागा ठेवली. एका खुर्चीच्या जागेत साधारण दोघे उभे राहतात, म्हणून निम्म्या दरातही हिशेब बसतो. युरोपीय सामन्यांना तिथे खुर्च्या लावाव्या लागायच्या, म्हणून घडीच्या खुर्च्यांची सोय केली. आपल्याकडे सात तास उभं राहणं कठीण, पण टी-ट्वेंटीला एक स्टँड असा ठेवून बघायला हरकत नाही.

माहीमचा_ऑफस्पिन

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमचंही लिहा कुणीतरी, बेसबॉलचं आहे ते. २००९ मध्ये नवं बांधलं, जागा जुन्यापेक्षा कमी आणि अगदी पुढच्या खुर्च्या सामन्याला अडीच हजार डॉलरपर्यंत. फलंदाजामागच्याच खुर्च्या रिकाम्या, कॅमेरा कायम तिकडेच. महिन्याभरात काही जागांचे दर निम्मे करावे लागले.

ताळेबंद

कराचा मुद्दा राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी, आधी २८ होता. मूळ दर १००० असेल तर पूर्वी १२८० मोजावे लागत, आता १४००. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांना मात्र ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर माफ आणि त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के.

ही ५०० ची रेषा महत्त्वाची. मूळ दर ५०० ठेवला तर प्रेक्षक ५०० देतो. संघटनेने ६०० केला तर प्रेक्षकाच्या खिशातून ७०८ जातात. संघटनेला शंभर जास्त मिळतात, प्रेक्षकाचे दोनशे आठ जातात. म्हणून मागणी करताना 'स्वस्त ठेवा' असं मोघम न म्हणता 'इतक्या हजार जागा ५०० किंवा त्याखाली' असं म्हणा.

आणि मागायचं कोणाकडे तेही बघा. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटांचा पैसा यजमान राज्य संघटनेला, आयपीएलचा घरच्या संघाच्या मालकांना. संघटनेला पत्र देऊन आयपीएलचा दर उतरणार नाही.

गोरेगावची_मीनल

मग त्या मालकांना एवढा दर लागतोच का? आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले, सामन्यामागे ११८ कोटी पडतात. ३३ हजार तिकिटं सरासरी तीन हजारांनी विकली तरी दहा कोटीही होत नाहीत. टीव्हीवाल्यांना भरलेलं, ओरडणारं मैदान हवं असतं. ओरडतं कोण? वरचा थर. त्यांच्याकडूनच पैसे काढायचे, हे मला पटत नाही. माझं आधीचं मत मी बदलते आहे, ते पुरवठ्यामुळे नाही, या हिशेबामुळे.

हार्बरवाली

तिकिटात प्रवास धरा, नाहीतर तुलना खोटी. वानखेडे चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधे, रुळांना लागून. सामना संपला की माणूस चालत स्टेशनात. नेरूळचं डी. वाय. पाटील २००८ चं, तिथेही नेरूळ स्टेशन चालण्याच्या अंतरावर, फक्त परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवावी लागते.

अमण्याला समृद्धी महामार्ग येतो, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. पण महामार्ग गाडीवाल्यांचा. लोकलने येणाऱ्याला कल्याणपासून पुढे रस्त्यानेच जायचं. एक लाखातले साठ हजार गाडीविना आले तर ६० जणांच्या बसच्या हजार फेऱ्या. रात्री साडेअकराला सामना संपल्यावर! बारा डब्यांची लोकल चार हजार घेते असं धरलं तर तीच गर्दी पंधरा गाड्यांत निघते. स्टेशन आधी झालं नाही तर २०० च्या तिकिटाला ८०० ची रिक्षा पडेल.

स्वस्त ठेवलं की माणसं येतात याचा पुरावा नेरूळलाच आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाची तिकिटं १०० रुपयांपासून होती. २ नोव्हेंबरला भारत जिंकला तेव्हा डी. वाय. पाटीलमध्ये बसायला जागा नव्हती. पोरी घेऊन आलेली कुटुंबंच्या कुटुंबं होती.

तांबडी_माती

अवांतर आहे, पण पाण्याचं लिहा. बाटली गेटवर काढून घेतात, सुरक्षेचं कारण समजू शकतं. मग आत प्रत्येक थरावर फुकट पाण्याचे नळ हवेत, पेले हवेत आणि दुपारी चारनंतरही तिथे पाणी हवं. वरच्या थराला पाण्याचा दाब कमी पडतो, म्हणून वेगळी टाकी आणि पंप आराखड्यातच दाखवायला लावा. चौघांच्या कुटुंबाला दिवसभरात पाणी आणि खाणं मिळून जो खर्च येतो तो वरच्या थराच्या एका तिकिटाएवढा होतो. अटलांटामध्ये २०१७ च्या स्टेडियमला हॉटडॉग आणि पेय दोन-दोन डॉलरला ठेवलं होतं. आपल्याकडे वडापावचा दर करारात बांधून घ्या.

उन्हाचंही. वानखेडेत रुळांच्या बाजूला म्हणजे पूर्वेला बसलं की दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येतं, छप्पर असलं तरी तिरकं ऊन आत घुसतं. पूर्वेकडच्या खालच्या रांगांचा दर पश्चिमेइतका ठेवू नये, कसोटीला तर नाहीच.

पेनल्टी_कॉर्नर

मोठंच हवं असं नाही, याचं मुंबईतलं उदाहरण म्हणजे मुंबई सिटी एफसी हा फुटबॉल संघ. सुरुवातीचे मोसम डी. वाय. पाटीलमध्ये खेळले, २०१६ ला अंधेरीच्या छोट्या मैदानात आले. कित्येक पटींनी लहान, पण वेस्ट कोस्ट ब्रिगेड या त्यांच्या समर्थकांच्या गटाचे ढोल मैदानाला लागून वाजतात आणि खेळाडूंना ऐकू येतात.

नॉर्थस्टँडकर

मूळ प्रश्नाकडे येतो. सगळं वाचून संघटनेला द्यायच्या पत्राचा मसुदा असा घालतो आहे: प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याला किमान निम्म्या जागा खुल्या विक्रीत, आणि प्रत्येक कोट्याचा आकडा सामन्याआधी संकेतस्थळावर. कमीत कमी चौथा हिस्सा ५०० किंवा त्याखाली, त्यातला काही भाग खालच्या थरात, कारण सगळे स्वस्तवाले तिसऱ्या थरात ढकलले तर काँक्रीट_आणि_कॅच यांनी सांगितलेलं ठिपक्याचं दुखणं त्यांच्याच वाट्याला. स्थानिक क्रिकेटला हजेरी लावणाऱ्यांसाठी नोंदणी: रणजीला प्रवेश मोफत असतो, तिथे गेटवर नोंद घ्यायची आणि ठरावीक दिवस भरले की कसोटीच्या तिकिटाला दोन दिवस आधी खिडकी उघडायची. क्लबांच्या तिकिटांवर नाव. स्टेशन सुरू झाल्याशिवाय मोठा सामना नाही.

मैदान_मुकादम

हजेरीची नोंद फोनवर ठेवणार असाल तर आजोबा मंडळी सुटतील. रणजीला तेच जास्त येतात. छापील कार्ड ठेवा, गेटवर भोक पाडायचं. साधं, स्वस्त.

काँक्रीट_आणि_कॅच

निम्म्या जागा खुल्या हे पत्रात घाला, पण सोबत नकाशाही मागा. थरनिहाय खुर्च्यांची संख्या, रांगेची खोली, सी-व्हॅल्यू. एकदा खांब उभे राहिले की बॉक्सची माळ हलवता येत नाही.

जुनी_मुंबई

एक ओळ वाढवा: कसोटीचं एका दिवसाचं तिकीट पहिल्यापासून विक्रीला हवं. पाच दिवसांचं सीझन तिकीटच घ्या म्हटलं की नोकरदार माणूस पाच दिवसांचे पैसे भरून शनिवार-रविवार येतो आणि उरलेले तीन दिवस त्याची खुर्ची रिकामी राहते.

नॉर्थस्टँडकर

वाढवली. कार्डाचंही लिहिलं. मसुदा रविवारी रात्री इथेच टाकतो, आकडे तपासून द्या.